हिशेबी वैमानिक

फेब्रुवारी 1978 च्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून आपल्याला काढलं आहे ही बातमी जे. आर. डी. टाटांना कळली, ती सरकारकडून नव्हे. मोरारजी देसाईंच्या सरकारचं पत्र यायचं होतं. त्याआधीच एअर चीफ मार्शल प्रतापचंद्र लाल यांनी त्यांना ती सांगितली. लाल यांना ती ठाऊक असण्याचं कारण साधं होतं. रिकाम्या केलेल्या त्या खुर्चीवर सरकारने त्यांचीच नेमणूक केली होती. या अवघड प्रसंगाला आणखी एक पदर होता. लाल तेव्हा टाटांच्याच इंडियन ट्यूब कंपनीत होते. ज्या घरचा पगार घ्यायचा, त्या घरच्या कर्त्या माणसाला जाऊन सांगायचं की तुमच्या जागी आता मी.

कामावरून काढलं की आपल्याकडे 'नारळ दिला' म्हणतात. त्यात निदान नारळ तरी हाती पडतो. ज्या विमान कंपनीची सुरुवात 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडींनी स्वतः कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन जुहूला विमान उतरवून केली होती, आणि जिच्या अध्यक्षपदाचा त्यांनी एक पैसा पगार घेतला नव्हता, त्या कंपनीतून जाताना त्यांना तोही मिळाला नाही. महिनाभर आधी, 1 जानेवारीला, एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' हे जंबो जेट सांताक्रूझहून उडाल्यावर काही मिनिटांतच वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं होतं आणि त्यातले सर्वच्या सर्व 213 जण गेले होते. मुंबई अजून त्या धक्क्यात होती. त्यावर हा दुसरा. व्यवस्थापकीय संचालक अप्पुस्वामी यांनी राजीनामा दिला. लाल यांनी मात्र पद स्वीकारलं.

त्या दिवसांत लाल यांच्याविषयी मुंबईत फारसं बरं बोललं गेलं नसणार. आजही एअर इंडियाच्या इतिहासात त्यांचं नाव येतं ते 'जेआरडींच्या जागी आलेले' एवढ्याच ओळखीने. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि तरीही त्यांनी ते पद घेतलं याची टोचणीही पूर्ण जात नाही. दोन्ही गोष्टी मनात ठेवूनच हा माणूस पाहावा लागतो. कारण 1971 च्या युद्धात भारतीय हवाई दलाचं नेतृत्व केलेला हा सेनानी त्याआधी आणि त्यानंतर विमान कंपन्या आणि विमान कारखाने चालवणारा व्यवस्थापक होता. अशी काढून टाकलं जाण्याची वेळ त्याच्या स्वतःवरही आलेली होती.

लाल यांचा जन्म 1916 चा, पंजाबातला. शिक्षण दिल्लीच्या सेंट स्टीफन्समध्ये. शिकता शिकता दिल्ली फ्लाइंग क्लबमध्ये विमान चालवायला शिकले आणि 1934 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आतच, हौशी वैमानिकाचा परवाना मिळवला. हौसच ती. घरात कुणाच्या मनात सैन्य नव्हतं, त्यांच्याही नव्हतं. पुढे लंडनला किंग्ज कॉलेजात पत्रकारितेची पदविका केली, बॅरिस्टर व्हायचा विचार होता. 1939 मध्ये सुट्टीत घरी आले असताना महायुद्ध सुरू झालं. परवाना असलेले तरुण सरकारला हवेच होते. नोव्हेंबरात लाल हवाई दलात दाखल झाले, ते राखीव दलाचे अधिकारी म्हणून. युद्ध संपलं की परत वकिलीकडे, असं त्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी मनाशी ठरवलं असेल.

त्यांना आधी मिळालं ते नॅव्हिगेटरचं काम आणि मग तेच शिकवण्याचं. नकाशा, वाऱ्याचा वेग, घड्याळ, पेन्सिल. विमान कुठे आहे हे खिडकीतून बघून न सांगता आकड्यांवरून सांगायचं. उमेदीच्या वयातली दोन-तीन वर्षं या कामात गेली. मर्दुमकीच्या कथांत अशा वर्षांना जागा नसते, पण पुढे या माणसाने जे जे केलं त्यात ती पट्टी-पेन्सिलची सवय दिसत राहते.

लढाई त्यांच्या वाट्याला आली ती 1944 मध्ये, सात नंबरच्या स्क्वॉड्रनबरोबर. त्यांच्याकडे होतं व्हेंजन्स हे अमेरिकी बनावटीचं डाइव्ह-बॉम्बर. हे विमान जरा विचित्रच होतं. सरळ उडताना शेपूट खाली टाकून, नाक वर करून चालल्यासारखं उडायचं, कारण त्याचे पंख अगदी उभ्या सुरासाठी बसवलेले होते. लक्ष्यावर आलं की वैमानिक विमान उलटं करायचा आणि मग कित्येक हजार फुटांवरून जवळजवळ काटकोनात खाली सोडायचा. पंखांवरचे ब्रेक उघडलेले, मागच्या सीटवर पाठमोरा बसलेला सहकारी आकाशाकडे बघत खाली जातोय, समोर जंगलातला एक हिरवा ठिपका वाढत वाढत पुलाएवढा, मग बंकरएवढा होतोय. बॉम्ब सोडला की विमान वर काढायचं. त्या क्षणी अंगावर असा भार येतो की डोळ्यांपुढे अंधारी येते. हे दिवसातून एकदा, कधी दोनदा.

तो वसंत इंफाळच्या वेढ्याचा होता. जपानी सैन्य मणिपुरात शिरलं होतं. सांगशाकला चौथी मराठा पलटण छत्रीधारी ब्रिगेडबरोबर पाण्यावाचून झुंजत होती. कोहिमाला टेनिस कोर्टाच्या दोन बाजूंना दोन सैन्यं होती. रस्ता तुटल्यावर इंफाळचं अन्न, दारूगोळा, टपाल, जखमींची ने-आण, सगळं विमानांवर आलं. सात नंबरची व्हेंजन्स विमानं कछारमधल्या उदरबंदच्या धावपट्टीवरून उडायची. त्याच वर्षी लाल स्क्वॉड्रनचे प्रमुख झाले. पुढे तिला हरिकेन विमानं मिळाली आणि इरावतीकडे सरकणाऱ्या चौदाव्या सैन्यासाठी ती टेहळणी करू लागली. 1945 मध्ये लाल यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. बॅरिस्टरीचा विषय तिथेच संपला.

स्वातंत्र्यानंतरची पहिली दहा वर्षं सोडून देतो. चढत्या हुद्द्यांची ती यादी आहे, वाचकाच्या कामाची नाही. गोष्ट पुन्हा रंगते 1957 मध्ये, जेव्हा सरकारने हवाई दलातल्या या अधिकाऱ्याला उसनवारीवर इंडियन एअरलाइन्सचं महाव्यवस्थापक केलं.

1953 मध्ये आठ खाजगी कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण करून देशांतर्गत उड्डाणांसाठी ही एक मोट बांधली होती. आठ घरच्या आठ रीती, आठ पगारश्रेण्या, आठ प्रकारचे सुट्या भागांचे साठे, आणि विमानं बहुतेक युद्धातून उरलेली डाकोटा. व्हायकाउंट ही नवी टर्बोप्रॉप विमानं लाल आले त्याच वर्षी आली. पाच वर्षं लाल यांनी हे गाडं हाकलं. लढाऊ वैमानिकाच्या दृष्टीने हे काम म्हणजे कुठल्याशा एस.टी. आगाराचं व्यवस्थापन. पण विमान कंपनी चालते ती आगारासारखीच. किती खुर्च्या भरल्या, किती तास विमान हवेत राहिलं, कुठल्या पाळीला मेकॅनिक कमी पडला. जमिनीवर उभं असलेलं विमान पैसे खातं, हे ज्याला रोज सकाळी आकड्यांत दिसतं तो माणूस युद्धाकडेही वेगळ्या नजरेने बघू लागतो.

आणि याच आकड्यांनी त्यांना अडचणीत आणलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा एक आवडता प्रकल्प होता. कानपूरच्या हवाई दलाच्या कार्यशाळेत ॲव्हरो 748 हे ब्रिटिश प्रवासी विमान भारतात बांधायचं. 1961 च्या नोव्हेंबरात तिथलं पहिलं विमान उडालंही, त्याला दिवंगत हवाई दल प्रमुख सुब्रोतो मुखर्जींचं नाव दिलं गेलं. स्वदेशी बांधणीचा आनंद खरा होता. पण प्रवासी वाहतुकीच्या हिशेबात लाल यांना ते विमान पटलं नाही. इंडियन एअरलाइन्सने फॉकर फ्रेंडशिप घेतली. मंत्र्याच्या लाडक्या विमानाला नाही म्हणणारा अधिकारी पुन्हा त्याच मंत्र्याच्या खात्यात परतणार होता. 1962 मध्ये लाल हवाई दलात परतायच्या वेळी मेनन यांनी त्यांना सेवेतूनच काढलं.

वीस-बावीस वर्षांची नोकरी, ब्रह्मदेशच्या लढाईतलं शौर्यपदक, आणि हाती नारळ. मग ऑक्टोबरात चिनी सैन्य आलं, नोव्हेंबरात मेनन गेले आणि ज्या दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशी, 21 नोव्हेंबरला, यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचं आपण अजून अभिमानाने सांगतो. त्या धावपळीच्या सावलीत लाल पुन्हा गणवेशात आले. 1964 मध्ये ते हवाई दलाचे उपप्रमुख झाले.

1 सप्टेंबर 1965. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे पहाटेपासून आत येत होते आणि अखनूरचा पूल त्यांच्या टप्प्यात येऊ लागला होता. दुपारी उशिरा लष्करप्रमुख जनरल चौधरी संरक्षणमंत्र्यांच्या दालनात आले आणि त्यांनी विमानांची मदत मागितली. हवाई दल प्रमुख अर्जनसिंग होते. यशवंतरावांनी पंतप्रधानांची वाट न पाहता तिथल्या तिथे होकार दिला. मराठी वाचकाला ही हकिकत माहीत असते आणि त्या निर्णयाचं कौतुक योग्यच आहे. लाल यांनी आपल्या आठवणींत तीच हकिकत हवाई दलाच्या बाजूने पाहिली आहे. तिथून ती वेगळी दिसते.

होकार मिळाला तेव्हा सूर्य उतरणीला लागला होता. पठाणकोटहून उडण्याजोगी होती ती व्हॅम्पायर आणि मिस्टेअर. व्हॅम्पायर म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीचं विमान, समोर पाकिस्तानची सेबर. त्या संध्याकाळी चार व्हॅम्पायर परतलीच नाहीत. जमिनीवर दोन्ही बाजूंचे रणगाडे एकमेकांत मिसळलेले, आपले कुठले आणि त्यांचे कुठले हे वरून सांगायला कुणी नाही. लष्कराने आपली योजना हवाई दलाला आधी दाखवलीच नव्हती. सीमेवर तणाव महिनाभर वाढत असताना दोन दलांनी एका टेबलावर एक नकाशा पसरला नव्हता, ही लाल यांची तक्रार आहे. पाच दिवसांनी पठाणकोटच्या धावपट्टीवर पाकिस्तानी विमानं आली आणि उघड्यावर उभी असलेली आपली विमानं जाळून गेली. दुसऱ्या दिवशी कलाईकुंड्याला तेच झालं.

लाल यांनी यासाठी कुणा एकाला दोषी ठरवलं नाही, पण विसरलेही नाहीत. त्या युद्धातल्या कामासाठी त्यांना 1966 मध्ये पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी सरकारने त्यांना पुन्हा एका कंपनीवर पाठवलं. हिंदुस्थान एरोनॉटिक्स.

आमच्या नाशिककडच्या माणसाला एचएएल म्हटलं की ओझर आठवतं. यशवंतराव 1963 मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले आणि मिग कारखान्याचा एक भाग ओझरला आला. लहानपणी आग्रा रोडवरच्या नातेवाइकांकडे सुट्टीला गेलं की दुपारी एकदम आभाळ फाटल्यासारखा आवाज व्हायचा, पत्र्याचे डबे फळीवर थरथरायचे आणि मावशी हातातलं काम न थांबवता म्हणायची, "मिग गेलं." द्राक्षांच्या मांडवांना ते सवयीचं झालं होतं. लाल एचएएलचे प्रमुख असताना ओझरमध्ये रशियाहून आलेल्या सुट्या भागांपासून मिग-21 जुळवायला नुकती सुरुवात झालेली होती. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला, असा तीन राज्यांत पसरलेला संसार. बंगळुरात नॅट आणि मारुत ही लढाऊ विमानं तयार होत होती. आणि कानपूर? तेही 1964 पासून एचएएलमध्ये विलीन झालेलं होतं. म्हणजे ज्या ॲव्हरोला 'नको' म्हटल्याने नोकरी गेली, ती ॲव्हरो बनवणाऱ्या कंपनीचे लाल आता प्रमुख होते, आणि ती विकत घेत होती इंडियन एअरलाइन्स. दैवाला विनोदाची इतकी चांगली जाण क्वचितच असते.

जुलै 1969 मध्ये अर्जनसिंगांनंतर लाल हवाई दल प्रमुख झाले. वय बावन्न. जी विमानं ते आता युद्धात पाठवणार होते त्यांतली कितीतरी त्यांच्या कारखान्यांतून बाहेर पडलेली होती. कुठल्या विमानाच्या कुठल्या भागाला किती महिने लागतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

1971 च्या विजयाबद्दल आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलतो ते माणेकशांच्या मिशा, इंदिरा गांधींची हिंमत आणि नियाझींची ढाक्याच्या मैदानावरची सही यांच्याविषयी. हे सगळं बोलावं असंच आहे. पण त्याआधीची अडीच वर्षं लाल यांनी ज्या कामात घालवली ते काम दिसायला अगदी रुक्ष होतं. धावपट्टीजवळ विमानांसाठी काँक्रीटचे आडोसे बांधणं. विमानं एका रांगेत उभी करायची सवय मोडणं. लष्कराच्या प्रत्येक कमांडजवळ हवाई दलाचा प्रतिनिधी गट कायम बसवणं, म्हणजे तोफखान्याच्या अधिकाऱ्याला विमान हवं असेल तर दिल्लीपर्यंत फोन न जाता बाजूच्या तंबूत बोलता यावं. पुढच्या फळीतल्या सैन्याबरोबर रेडिओ घेऊन चालणारे हवाई दलाचे अधिकारी. छांबच्या त्या संध्याकाळी जे नव्हतं ते सगळं.

आणि क्रम. आपलं आकाश आणि आपले तळ सुरक्षित ठेवणं हे पहिलं काम, त्यानंतर लगेच सैन्याला आणि नौदलाला मदत, शत्रूच्या तळांवर हल्ले हे त्यानंतर. हवाई दलांना स्वभावतः तिसऱ्या गोष्टीचं वेड असतं. लांब जाऊन शत्रूच्या घरात बॉम्ब टाकण्यात कीर्ती असते, एखाद्या बटालियनसमोरच्या बंकरवर चार रॉकेटं मारण्यात नसते. लाल यांनी कीर्ती तिसऱ्या नंबरवर टाकली. स्वतः कधीकाळी बंकरवर बॉम्ब टाकत सूर मारलेला माणूस असल्याने कदाचित त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही.

3 डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, अंबाला, आग्रा अशा तळांवर एकाच वेळी हल्ले केले. 1967 मध्ये इस्रायलने अरबांची विमानं जमिनीवरच संपवली होती, तोच डाव. पण आडोशांतल्या विमानांना फारसं काही झालं नाही. पूर्वेत तेजगाव हाच पाकिस्तानी लढाऊ विमानांचा एकमेव पक्का तळ होता. मिग-21 नी तिथली धावपट्टी खड्ड्यांनी भरून टाकली, आणि 7 डिसेंबरनंतर पूर्व बंगालच्या आकाशात पाकिस्तानी विमान उडालं नाही. मग काम उरलं वाहतुकीचं. मेघनेवरचा पूल उडवलेला होता, तर सगतसिंगांचं सैन्य हेलिकॉप्टरच्या फेऱ्यांनी पलीकडे नेलं गेलं. 11 तारखेला टंगाइलला पॅराशूटची पलटण उतरली. पश्चिमेला लोंगेवालात रात्रभर एका कंपनीने रणगाडे थोपवून धरले, कारण जैसलमेरच्या हंटर विमानांना अंधारात उडता येत नव्हतं. उजाडलं, आणि वाळूत अडकलेले रणगाडे वरून काळ्या भुंग्यांसारखे दिसू लागले. पुढे काय झालं ते हिंदी सिनेमाने सगळ्यांना दाखवलं आहे, फक्त त्यातल्या विमानांना थोडी दुय्यम भूमिका दिली आहे.

14 डिसेंबरचा प्रसंग मात्र सिनेमात नाही. त्या दिवशी सकाळी एक संदेश पकडला गेला की दुपारी ढाक्यात गव्हर्नर मलिक यांच्या उपस्थितीत मोठी बैठक आहे. गुवाहाटीहून विंग कमांडर बिश्नोई यांच्या मिग-21 ना ती इमारत उडवायची आज्ञा मिळाली. वेळ इतका थोडा की लक्ष्य दाखवायला लष्करी नकाशा नव्हता, हाती आला तो पर्यटकांचा ढाक्याचा नकाशा. सर्किट हाउस, असं आधी सांगितलं होतं. बिश्नोई विमानात बसून निघायच्या बेतात असताना चिठ्ठी आली, सर्किट हाउस नव्हे, गव्हर्नमेंट हाउस. मांडीवर पर्यटकांचा नकाशा पसरून त्यांनी ती इमारत हुडकली, आणि एकामागून एक चार मिगनी रॉकेटं तिच्या सभागृहावर सोडली. पाठोपाठ हंटर आली. आत संयुक्त राष्ट्रांचे जॉन केली आणि एक ब्रिटिश पत्रकार मलिक यांच्याबरोबर अडकले होते. तिथल्याच आडोशात बसून मलिक यांनी एका कागदावर बॉलपेनने आपल्या सरकारचा राजीनामा लिहिला. दोन दिवसांनी ढाका पडलं. त्याच 14 तारखेला श्रीनगरवर एकटा लढत फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों पडले. हवाई दलाला आजवर मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं आहे.

एक जाता जाता. 1971 च्या तीन दलप्रमुखांपैकी दोघे आधी सरकारी कारखाने चालवलेले होते. लाल एचएएलमधून आलेले, तर नौदल प्रमुख ॲडमिरल नंदा एकेकाळी आपल्या माझगाव डॉकचे व्यवस्थापकीय संचालक होते. निवृत्तीनंतर नंदा गेले शिपिंग कॉर्पोरेशनवर आणि लाल गेले इंडियन एअरलाइन्सवर. पैसा, माल आणि वेळापत्रक यांचा हिशेब ठेवलेली माणसं युद्धाच्या तोंडावर शिखरावर होती, याकडे आपल्याकडच्या युद्धकथांनी कधी लक्ष दिलेलं मला आठवत नाही.

15 जानेवारी 1973 रोजी लाल निवृत्त झाले. पद्मविभूषण आधीच्या वर्षी मिळालेलं होतं. राज्यपालपद, राजदूतपद, गोल्फ, या वाटा अशा माणसांना खुल्या असतात. लाल त्याच वर्षी पुन्हा इंडियन एअरलाइन्सच्या टेबलामागे जाऊन बसले, आता अध्यक्ष म्हणून. कंपनी पूर्वीसारखी राहिली नव्हती. बोइंग 737 आलेली, कामगार संघटना बलदंड झालेल्या, आणि ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाच्या किमती भडकलेल्या. संघटनांशी वाद विकोपाला गेला, आणि नोव्हेंबर 1973 मध्ये लाल यांनी चक्क टाळेबंदी जाहीर केली. ऐन थंडीत, पर्यटनाच्या हंगामात, देशातली एकमेव देशांतर्गत विमान कंपनी मालकानेच बंद केली, आणि मालक म्हणजे सरकार. अधिकाऱ्यांना हाताशी धरून मोजकी विमानं उडवत कित्येक आठवडे तो तिढा चालला.

कामगार पुढाऱ्यांनी याला फौजी खाक्या म्हटलं आणि त्यात तथ्य नव्हतं असं नाही. बॅरॅकमध्ये हुकूम दिला की संपलं, हँगरमध्ये तसं चालत नाही. पण सरकारी कंपनीच्या अध्यक्षाने सरकारच्याच पैशाचा हिशेब इतक्या कठोरपणे मांडावा, याची तेव्हा कुणालाच सवय नव्हती.

मग आणीबाणी आली. इंडियन एअरलाइन्ससाठी तीन बोइंग 737 घ्यायचा विषय निघाला. तो पुढे आणीबाणीतल्या कारभाराची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने तपासला तेव्हा जे बाहेर आलं ते असं, की पंतप्रधानांच्या निवासस्थानातून विमानं लवकर घेण्यासाठी विचारणा होत होती आणि कंपनीच्या आर्थिक अंदाजांचे कागद पंतप्रधानांचे चिरंजीव राजीव गांधी यांना दाखवले गेले, जे तेव्हा याच कंपनीत वैमानिक होते. वैमानिकाला खरेदीचे कागद दाखवणारी विमान कंपनी जगात दुसरी नसावी. 1976 मध्ये लाल यांची ती खुर्ची गेली. 1962 मध्ये विमान नको म्हटल्याने गेली होती, या वेळीही मध्ये विमानंच होती.

यानंतर त्यांना जवळ केलं ते टाटांनी.

म्हणून 1978 चा प्रसंग मनात अडकून राहतो. मंत्र्याच्या मर्जीने माणूस कसा उचलून फेकला जातो हे ज्याने दोनदा सोसलं, त्याने तिसऱ्या वेळी तशाच फेकलेल्या माणसाची जागा का घेतली? कर्तव्य म्हणून? एका भीषण अपघातानंतरच्या महिन्यात दोन्ही सरकारी विमान कंपन्यांना कुणीतरी जाणतं माणूस हवं होतं, आणि इंडियन एअरलाइन्स दोनदा चालवलेला, एचएएल चालवलेला, हवाई दल चालवलेला दुसरा माणूस देशात नव्हता, हे खरंच आहे. सैनिकाला बदलीचा हुकूम आला की आधी तिथे कोण होतं हे तो विचारत नाही. हेही खरं. तरी अप्पुस्वामींचा राजीनामा समोर ठेवला की हे दोन्ही युक्तिवाद जरा लंगडे पडतात. मला त्या सगळ्यात एवढीच गोष्ट जमेची वाटते की बातमी त्यांनी दुसऱ्याकडून जाऊ दिली नाही. सरकारने जे करायला हवं होतं ते त्यांनी स्वतः केलं, आणि त्या संभाषणात अवघडून गेलं असेल ते लाल यांनाच.

1980 पर्यंत ते एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन्ही कंपन्यांचे अध्यक्ष होते. इंदिरा गांधी परत आल्या, जेआरडींना एअर इंडियाच्या मंडळावर परत घेतलं गेलं, अध्यक्षपद मात्र त्यांना पुन्हा मिळालं नाही. लालही गेले.

निवृत्तीत त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. स्वतःच्या नोकऱ्या गेल्याच्या कहाण्यांपेक्षा त्यात 1965 आणि 1971 ची युद्धं जास्त आहेत, कुठल्या दिवशी कुठल्या तळावरून काय उडालं, कुणाला काय सांगितलं गेलं आणि काय सांगायचं राहून गेलं. पुस्तक छापून आलं तेव्हा ते नव्हते. ऑगस्ट 1982 मध्ये लंडनला त्यांचं निधन झालं. पत्नी इला लाल यांनी मजकूर संपादित केला आणि 1986 मध्ये पुस्तक निघालं.

त्यांच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांनी, 15 ऑक्टोबर 1982 रोजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी पन्नास वर्षांपूर्वीची ती टपालाची फेरी पुन्हा करायला निघाले. एका इंजिनाचं छोटं लेपर्ड मॉथ, आत ते एकटे. कराचीहून अहमदाबादमार्गे संध्याकाळी ते जुहूला उतरले. धावपट्टीवर गर्दी होती.